सखाहरी झोपेचे आजार ओळखतो

हिवरदरा नावाच्या गावात एक भोळा गडी राहत होता. तसे भोळे त्या गावात पुष्कळ होते, पण बाकीच्यांना ते झाकता यायचं. याला येत नव्हतं. त्याचं नाव सखाहरी.

सखाहरी केकताडाच्या काटेरी पानांचा वाख काढून दोर वळायचा. सकाळी दोर वळायला बसायचा आणि घटकाभरानं तिथंच डुलकी काढायचा. जाग आली की पुढं वळायचा. मग परत डुलकी. त्यामुळं त्याचे दोर मधे मधे सैल असायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "इथं काय झालं रे?"

सखाहरी खरं तेच सांगायचा. "इथं मी झोपलो होतो."

त्याची बायको हौसाबाई. ती शहाणी होती, पण तिला विचारून कुणी लग्न ठरवलं नव्हतं.

सखाहरी रात्री घोरायचा. घोरायचा म्हणजे छपराचे पत्रे हलायचे आणि गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. पण हौसाबाईला त्या घोरण्याची भीती नव्हती. भीती होती ती घोरणं थांबण्याची. मधेच सगळं चिडीचूप व्हायचं. ना आवाज, ना श्वास. मग ती मोजायला लागायची. एक, दोन, तीन, चार. अठरा-एकोणीस झाले की सखाहरी विहिरीत बुडता बुडता वर आल्यासारखा गचका देऊन श्वास घ्यायचा, आणि पत्रे पुन्हा हलायला लागायचे. चार महिने ती बाई रात्रभर आकडे मोजत होती.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, झोपेत घोरता घोरता तुमचा श्वास थांबतो. उपकेंद्रात जाऊन सिस्टरला दाखवा."

"मी घोरतो?"

"छप्पर उडायचं राहिलंय."

"मग माझी झोप कशी मोडत नाही?"

हौसाबाईनं त्याच्या हातात टोपी दिली आणि दार दाखवलं.

उपकेंद्रात मालन सिस्टर होत्या. वीस वर्षं याच गावात नोकरी झाली होती, म्हणून त्या कशाचंच आश्चर्य करत नसत. त्यांनी सखाहरीला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं.

"नीट ऐक. मोठ्यानं घोरणं, घोरता घोरता श्वास अडकणं, दचकून उठणं. सकाळी डोकं जड होणं, आणि दिवसा काम करता करता डुलक्या लागणं. ही झोपेच्या आजाराची लक्षणं. दुर्लक्ष करायचं नाही. माणसाचा श्वास अडकला की त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे मोकळा होतो."

"पण मला तर असलं काही होत नाही."

"अरे, स्वतःचं स्वतःला कळत नसतं. दुसऱ्यालाच कळतं."

सखाहरी विचारात पडला. त्याला विचार करायची सवय नव्हती, त्यामुळं थोडा वेळ लागला.

"म्हणजे माझं दुसऱ्याला कळणार?"

"हो."

"आणि दुसऱ्याचं मला?"

"हो रे बाबा."

"कळलं," सखाहरी म्हणाला. एवढं मोठं गाव, सगळ्यांच्या झोपेचे आजार, आणि कुणालाच स्वतःचा कळत नाही. कळणार फक्त सखाहरीला. केवढी ही जबाबदारी! आपण स्वतःला तपासून घ्यायला आलो होतो, हे तो तिथंच विसरला आणि गाव तपासायला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तो बापूगुरुजींच्या ओट्यापाशी पोचला. बापूगुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तब्येत कमवायचं मनावर घेतलं होतं. ते डोळे मिटून, मांडी घालून ओट्यावर प्राणायाम करत होते. आधी भात्यासारखा फसाफसा श्वास. मग एकदम बंद. कुंभक.

सखाहरी खाली उभा राहून बघत होता. डोळे मिटलेले. घरघर मोठी. आणि श्वास अडकला! त्यानं आकडे मोजले. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. गुरुजींचा श्वास काही सुटेना. त्यांचा आजचा बेत तीसचा होता.

सखाहरीचा जीव कळवळला. ज्या माणसानं आपल्याला दुसरीत तीनदा बसवलं, तो माणूस डोळ्यादेखत चालला. तो ओट्यावर चढला आणि गुरुजींना दोन्ही हातांनी कुशीवर वळवलं.

ओटा अरुंद होता. गुरुजी कुशीवर वळले, आणि वळले ते खालीच गेले. खाली म्हशीच्या आंबोणाची बादली होती.

श्वास मात्र मोकळा झाला. अख्ख्या आळीला ऐकू गेला.

गुरुजींच्या कोपराला पट्टी बांधता बांधता मालन सिस्टर म्हणाल्या, "अरे, हे जागे होते. जागा माणूस कधी घोरतो का? आधी खात्री करायची, माणूस झोपलाय का जागा. मगच हात लावायचा. कळलं?"

"कळलं. आधी खात्री करायची."

गावात सुभानरावांची पिठाची गिरणी होती. सुभानराव देहानं भारी, मानेला घड्या तीन. दुपारी वीज गेली की ते गव्हाच्या पोत्यांवर आडवे व्हायचे आणि मग गिरणी चालू आहे का बंद आहे, हे बाहेरून कळायचं नाही.

सखाहरी गेला तेव्हा ते घोरत होते. मधेच श्वास अडकला. अंग ताणलं गेलं. गचका देऊन परत सुरू झाला. आता खरं सांगायचं तर सगळ्या हिवरदऱ्यात सखाहरीच्या खालोखाल खरा आजारी माणूस कुणी असेल तर तो हाच होता. सखाहरीचा नेम पहिल्यांदाच बरोबर लागला होता.

पण आधी खात्री करायची होती. तो सुभानरावांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "सुभानराव! झोपलाय का जागे?"

सुभानराव पोत्यावरून हातभर वर उडाले. "जागा आहे! जागा आहे! काय झालं? गिरणी पेटली?"

"काही नाही. जागे आहात ना? मग घोरत नव्हता. पडा तुम्ही."

सुभानराव परत पडले. परत घोरायला लागले. परत श्वास अडकला. सखाहरी परत कानाशी वाकला.

"झोपलाय का जागे?"

"अरे, जागा आहे म्हटलं ना!"

असं पाच वेळा झालं. पाचही वेळा माणूस जागाच निघाला. सहाव्या वेळेला सुभानरावांनी दळणाचा डबा फेकून मारला. सखाहरीनं त्यातूनही अनुमान काढलं, की डबा फेकणारा माणूस झोपलेला नसतो. तिथून तो आणखी चार घरी गेला. दुपारच्या वेळेला चार झोपलेल्या माणसांना विचारलं. चौघंही जागे.

"सिस्टर," त्यानं संध्याकाळी येऊन सांगितलं, "गावात आजार नाही. सगळे जागे आहेत."

मालन सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! झोपलेल्याला उठवून विचारतात का? झोपेतल्या माणसाला उठवू नये. माझ्या माहेरी एक जण झोपेत चालायचा. डोळे उघडे, पण नजर रिकामी. हात पुढं धरलेले. काही विचारलं तर उत्तर नाही, आणि दिलं तर भलतंच. एकदा विहिरीपर्यंत गेला होता. आम्ही त्याला हाका नाही मारल्या. हळूच हाताला धरलं, घरी आणून अंथरुणावर निजवलं आणि बाहेरून कडी लावली. असं करायचं असतं. कळलं?"

"कळलं. हळूच हाताला धरायचं, निजवायचं, कडी लावायची."

एवढं सांगून सिस्टर घरी गेल्या आणि निवांत जेवल्या. त्यांना काय माहीत, की परवा गावात प्रचार होता!

पंचायत समितीची निवडणूक लागली होती. उमेदवार होते भाऊसाहेब. मारुतीच्या देवळापुढं त्यांची सभा होती, आणि सभेआधी गावातून पायी फेरी. कार्यकर्ते मागं चहाला थांबले होते. भाऊसाहेब एकटेच पुढं चालत आले. दोन्ही हात जोडून छातीपुढं धरलेले, डोळे उघडे, आणि नजर अशी की समोर माणूस आहे का खांब, हे त्यांना कळत असेल असं वाटेना.

सखाहरी दारात दोर वळत होता. तो सावध झाला.

"भाऊसाहेब," त्यानं विचारलं, "वरच्या आळीला पाणी केव्हा येणार?"

"आशीर्वाद असू द्या," भाऊसाहेब म्हणाले.

"शाळेचं छप्पर गळतंय."

"आशीर्वाद असू द्या."

"तुमचं नाव काय?"

"आशीर्वाद असू द्या."

सखाहरीच्या अंगावर काटा आला. विचारावं एक, उत्तर भलतंच. हा माणूस गाढ झोपेत होता आणि तालुक्यापासून असाच चालत आला होता. वाटेत विहिरी काय कमी आहेत?

त्यानं हळूच भाऊसाहेबांचा हात धरला. भाऊसाहेब मुकाट्यानं आत आले. अकरा दिवस त्यांना जो तो हाताला धरून कुठं ना कुठं नेत होता. त्यांना वाटलं, घरात ओवाळणार असतील. सखाहरीनं त्यांना गोधडीवर निजवलं, डोक्याखाली उशी दिली, वर वाकळ घातली आणि बाहेर येऊन कडी लावली. भाऊसाहेबांनी अकरा दिवसांत उशी बघितली नव्हती. त्यांनी एकदाही दार ठोठावलं नाही.

देवळापुढं लोक दोन तास थांबले. कार्यकर्त्यांनी विहिरीत गळ टाकले. शेवटी हौसाबाई शेतावरून आली. तिनं कडी काढली, आणि आत उमेदवार बघून ती पुन्हा बाहेर येऊन दारावरचं नाव वाचून गेली.

भाऊसाहेबांचं भाषण झालंच नाही. त्यामुळं हिवरदऱ्यात त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त मतं पडली, असं म्हणतात. पण त्या दिवशी कार्यकर्त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. सखाहरीनं सिस्टरचं नाव सांगितलं होतं, म्हणून त्यांनी उपकेंद्रात जाऊन सिस्टरना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मालन सिस्टरनी सखाहरीला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज चढला होता.

"अरे, तो माणूस आपल्या कामात होता! हात जोडून फिरणं हेच त्याचं काम. जो माणूस कामात आहे, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं. कामातल्या माणसाला हात लावायचा नाही."

"आणि आता कुणाला तपासायचं नाही!"

हे शेवटचं वाक्य सखाहरीपर्यंत पोचलं नाही. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, आणि जागा आधीच भरली होती.

दोन दिवसांनी दुपारी तो घरी आला. हौसाबाई चुलीपुढं बसली होती. तव्यावर भाकरी होती, हातात उलथणं होतं आणि डोळे मिटलेले होते. रात्री तिनं एकदा बावीसपर्यंत मोजलं होतं. बावीस याआधी कधी झाले नव्हते. त्यानंतर ती आडवी झालीच नव्हती. आता चुलीच्या उबेला बसल्या बसल्या तिची मान कलली होती.

सखाहरी उंबऱ्यात थबकला. काम करता करता डुलकी! सिस्टरनी पहिल्या दिवशी सांगितलेलं लक्षण, अगदी जसंच्या तसं. त्याला मोठा आनंद झाला.

मग त्याला दिसलं, की तिचा पदर खांद्यावरून घसरून चुलीच्या तोंडाशी गेलाय. भाकरी करपत होती. पदराची कड तपकिरी व्हायला लागली होती.

तो पुढं धावला. हात लांब केला. आणि तसाच थांबला. उलथणं हातात आहे, म्हणजे बाई कामात आहे. कामातल्या माणसाला हात लावायचा नाही. पण डोळे मिटलेत, म्हणजे झोपेत आहे. झोपेतल्याला उठवायचं नाही. दोन्हीकडून वाट बंद. असल्या वेळी शहाण्या माणसाला विचारावं. सखाहरी उलट पावली वळला आणि जीव खाऊन उपकेंद्राकडं पळाला.

"सिस्टर!" तो धापा टाकत म्हणाला. "भाकरी करता करता बाई झोपली, तर ते काम धरायचं का झोप?"

"कशाला?"

"पदर पेटायला लागलाय."

मालन सिस्टर हातातली सुई टाकून पळत सुटल्या. वीस वर्षांत त्या पहिल्यांदा पळाल्या. पण त्या पोचायच्या आधी शेजारच्या शेवंताकाकूंना करपल्याचा वास आला होता आणि त्यांनी पाण्याची घागर हौसाबाईच्या अंगावर रिकामी केली होती. वीतभर पदर जळाला होता. मनगटावर फोड आले होते.

सिस्टर मलम लावत होत्या तेव्हा हौसाबाई रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "दुखतंय का फार?"

"हाताचं नाही हो सिस्टर. चार महिने झाले, मी रात्रीची झोपलेली नाही. यांचा श्वास थांबतो आणि मी मोजत बसते. वाटतं, आपला डोळा लागला आणि मोजायचं राहिलं तर? तर हे परत श्वास घेतील का?"

सखाहरी खांबाला टेकून ऐकत होता. त्याला हे नवीन होतं.

"मग मला उठवायचं ना, हौसे."

"उठवते की. तुम्ही म्हणता, मी जागाच आहे, आणि परत घोरायला लागता."

सखाहरीनं वाकून तिचं मनगट बघितलं. मग म्हणाला, "माझ्या छातीत काही असेल तर असू दे. पण तुला झोप लागायला पाहिजे. कुठं जायचं सांगा, सिस्टर."

आयुष्यात पहिल्यांदा तो शहाण्यासारखं बोलला होता, म्हणून सिस्टरनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. नंतर बुद्धी फिरायला नको.

तालुक्याला डॉक्टर हुपरीकरांचा दवाखाना होता. डॉक्टर हुशार होते. एवढे हुशार, की समोरच्यालाही बुद्धी असते असं ते धरून चालत. त्यांनी सखाहरीच्या हातात एक डबी ठेवली. डबीला छातीचा पट्टा होता, नाकाशी लावायची बारीक नळी होती आणि बोटाला लावायचा चिमटा होता.

"हे आज रात्री घरी लावायचं. श्वास किती वेळा अडकतो, ते यात उमटतं."

"जाग्या माणसाला लावायचं का झोपलेल्या?"

"जाग्या माणसाला लावून काय उपयोग? झोपलेल्याला. आणि रात्रभर नीट लक्ष ठेव. चिमटा निसटता कामा नये."

"कळलं," सखाहरी म्हणाला.

रात्री जेवणं झाली. सखाहरी डबी मांडीवर घेऊन बसला. लक्ष ठेवायचं म्हणजे जागं राहायला हवं. आणि घरात दोन माणसं. त्यातलं एक जागं राहणार, म्हणजे झोपणारं कोण? हिशेब सोपा होता.

इकडं हौसाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती मोजायची तयारी करून पडली, पण घोरण्याचा आवाज काही येईना. सखाहरीचा श्वास बसल्या जागी शांत चालला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा घर गप्प होतं. ती कधी झोपली, ते तिलाही कळलं नाही.

सखाहरीनं तिला उठवलं नाही. हळूच पट्टा बांधला, नळी लावली, बोटाला चिमटा लावला. डोळ्यांना पाणी लावत, मिरची चावत, उभं राहून, एका पायावर राहून त्यानं रात्रभर लक्ष ठेवलं. चिमटा एकदाही निसटला नाही. पहाटे ती उठायच्या आधी त्यानं सगळं अलगद सोडून डबीत भरून ठेवलं. एवढं काळजीनं त्यानं आयुष्यात कुठलंच काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डबी यंत्राला जोडली. कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला.

"उत्तम! एकदाही श्वास अडकला नाही. सखाहरी, तुझी झोप लहान बाळासारखी आहे. अशी झोप मलाही नाही."

"पण डॉक्टर," हौसाबाई म्हणाली, "श्वास थांबतो यांचा. मी मोजलंय."

"बाई, तुम्ही किती शिकलात?"

"तिसरी."

"यंत्र जर्मनीचं आहे," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी जागरणानं भास होतात. तुम्ही एखादी झोपेची गोळी..."

तेवढ्यात टेबलावरची काच थरथरायला लागली. रात्रभर लक्ष ठेवून दमलेला सखाहरी खुर्चीतच झोपला होता. घोरण्याचा आवाज वाढला, बाहेर बसलेले पेशंट दारात गोळा झाले. आणि मग एकदम सगळं थांबलं.

डॉक्टर बघत राहिले. हौसाबाईनं मोजायला सुरुवात केली. "सात, आठ, नऊ." डॉक्टर खुर्चीतून उठले. "चौदा, पंधरा." डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "एकोणीस," हौसाबाई म्हणाली, आणि सखाहरीनं गचका देऊन श्वास घेतला. स्वतःच्याच आवाजानं त्याला जाग आली.

"मी जागाच आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा जर्मन कागदाकडं.

"सखाहरी, काल रात्री हे कुणाला लावलं होतंस?"

"झोपलेल्याला."

"कोण झोपलं होतं?"

"ही."

"आणि तू काय करत होतास?"

"तुम्ही सांगितलं ते. लक्ष ठेवत होतो."

डॉक्टरांनी तो कागद फाडला. हौसाबाईला ते खुर्चीत बसा म्हणाले. चुकलं, असंही म्हणाले, पण ते खोकता खोकता, म्हणजे सगळ्यांना ऐकू जायला नको. मग त्यांनी ठरवलं, की आता या माणसाला घरी पाठवायचं नाही. दवाखान्यातच खाट द्यायची. रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टा बांधला, नळी लावली, चिमटा लावला. आणि पुन्हा काही घोटाळा नको म्हणून बजावून सांगितलं.

"आता लक्ष ठेवायचं नाही. काही करायचं नाही. डोळे मिटायचे आणि झोपायचं. मी येऊन उठवेपर्यंत उठायचं नाही. कळलं?"

"कळलं."

सखाहरी झोपला. झकास झोपला. यंत्राला जे पाहिजे होतं, ते सगळं उमटलं. हौसाबाई मालन सिस्टरच्या तालुक्यातल्या ओळखीच्या घरी झोपायला गेली होती, तीही झोपली. सगळं सुरळीत झालं होतं. पण पहाटे डॉक्टरांना फोन आला. गावाकडं त्यांच्या म्हाताऱ्या मामांचा पाय मोडला होता. डॉक्टर तसेच गाडीत बसून निघून गेले.

सकाळी नर्स आली. "उठा, सखाहरी. चहा घ्या."

सखाहरीला जाग आली होती. चहाचा वासही आला होता. पण नर्स म्हणजे हुपरीकर डॉक्टर नव्हे. तो डोळे मिटून पडून राहिला.

नर्सनं हलवलं, चिमटा काढला, पाणी शिंपडलं. काही उपयोग होईना. तिनं धाकट्या डॉक्टरांना बोलावलं. हे खिलारे डॉक्टर नुकतेच शिकून आले होते आणि त्यांच्याकडं एक जाड पुस्तक होतं. आजवर त्या पुस्तकातले आजार काही गावात सापडले नव्हते, त्यामुळं ते जरा उदास असायचे. त्यांनी नाडी बघितली. उत्तम. श्वास बघितला. उत्तम. फक्त माणूस उठत नव्हता.

"अतिनिद्रा!" खिलारे डॉक्टर आनंदानं म्हणाले.

दुपारी हौसाबाई डबा घेऊन आली. डब्यातल्या पिठल्याचा वास गेला, तसं सखाहरीनं तोंड उघडलं. तिनं घास भरवला. त्यानं चावून खाल्ला. चार भाकऱ्या खाल्ल्या, डोळे न उघडता. जेवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

"झोपेत जेवतो!" खिलारे डॉक्टरांनी पुस्तकाचं पान उलटलं. "हे पान तर परीक्षेलाही येत नाही."

संध्याकाळी सखाहरीला मोरीकडं जायची घाई झाली. तो डोळे मिटूनच भिंत चाचपडत गेला आणि तसाच परत येऊन पडला.

"झोपेत चालतोसुद्धा!" खिलारे डॉक्टरांचा आवाज भरून आला. एकाच माणसात तीन आजार. त्यांनी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

हौसाबाईला चार महिने ज्याची भीती होती, त्यापेक्षा हे काहीतरी वेगळंच होतं. ती खाटेपाशी बसून त्याच्या कानाशी वाकली. "अहो, असं काय करता? एकदा तरी बघा माझ्याकडं."

सखाहरीनं ओठ न हलवता उत्तर दिलं, "रडू नको. मी जागा आहे."

हौसाबाईनं डोळे पुसले. मग दात खाल्ले. "मग उठा की!"

"हुपरीकर डॉक्टरांनी कुठं उठवलंय?"

ती खिलारे डॉक्टरांकडं धावत गेली. "अहो, हे जागे आहेत! माझ्याशी बोलले."

"झोपेत बोलतो!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चौथं पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी शहरातून दोन मोठे डॉक्टर गाडीनं आले. त्यांनी सखाहरीच्या तळव्यांना टाचणी टोचली, डोळ्यांच्या पापण्या वर करून उजेड पाडला, कानात घंटा वाजवली. सखाहरीनं सगळं सोसलं. टाचणी टोचल्यावर एक टिपूस गालावर आलं, त्याचीही नोंद झाली. तिघं डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून हळू आवाजात बोलत होते. बाहेर वऱ्हांड्यात हिवरदऱ्याची दहाबारा माणसं मान खाली घालून बसली होती. बापूगुरुजी हात गळ्यात बांधून आले होते. ते म्हणाले, "मूर्ख होता, पण मनानं चांगला होता." खिलारे डॉक्टर म्हणाले, याला शहरात न्यावं लागेल. हौसाबाई दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिली.

तेवढ्यात हुपरीकर डॉक्टरांची गाडी आली. मामांच्या पायाला प्लास्टर घालून ते प्रवासातून थेट खाटेपाशी आले. गर्दी बघून म्हणाले, "हे काय? सखाहरी अजून इथंच? ऊठ रे."

सखाहरी ताडकन उठून बसला. "आलात का, डॉक्टर? लई उशीर केलात."

शहरातल्या एका डॉक्टरांच्या हातातली टाचणी खाली पडली. वऱ्हांड्यातल्या लोकांनी हुपरीकर डॉक्टरांच्या पायांवर डोकी ठेवली. तीन डॉक्टरांना तीन दिवसांत जे जमलं नाही, ते यांनी दोन शब्दांत केलं. पुढं वर्षभर त्या दवाखान्यात बसायला जागा मिळत नव्हती. खिलारे डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.

हुपरीकर डॉक्टरांनी दवाखान्यातल्या पहिल्या रात्रीचा कागद काढून वाचला आणि सखाहरीला आणि हौसाबाईला समोर बसवलं. "तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो. बाई, तुमचे आकडे बरोबर होते. पण घाबरू नका, यावर उपाय आहे." त्यांनी एक मास्क दिला. मास्कला नळी आणि नळीला हवा सोडणारं यंत्र. "रोज रात्री हे लावून झोपायचं. घोरणं बंद, अडकणं बंद. यालाही झोप, तुम्हालाही झोप."

हौसाबाईनं मास्क पदरात धरला. तिचे डोळे भरून आले. सखाहरीही गहिवरला. तो उठला, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, दारापर्यंत गेला आणि काहीतरी आठवून परत आला.

"सगळं कळलं, डॉक्टर. रात्री मास्क लावून मी झोपतो. पण रोज सकाळी मला उठवायला तुम्ही हिवरदऱ्याला किती वाजता येणार?"